चिपळूण : पाणी ओसरल्यानंतर

रत्नागिरीहून मुंबईच्या रस्त्याला लागले की हातखंबा, निवळी, बावनदी, संगमेश्वर, आरवली, सावर्डे अशी गावे मागे पडत जातात आणि कामथ्याचा उतार संपला की चिपळूण येते. अंतर 90 किलोमीटरच्या आसपास. पूर्वेला सह्याद्री, त्यातून उतरणारी वाशिष्ठी नदी, गावातून वाहत येऊन तिला मिळणारी शिवनदी आणि पश्चिमेला दाभोळपर्यंत गेलेली खाडी. चिपळूण समुद्रावर नाही, पण भरतीचे पाणी खाडीतून थेट गावाच्या वेशीपर्यंत चढते. जुन्या काळी गलबते गोवळकोटच्या धक्क्याला लागत, माल तिथे उतरे आणि कुंभार्ली घाटाने वर कराडकडे जाई. घाटावरचा गूळ, धान्य, मिरची त्याच वाटेने खाली येई. नदी आणि खाडी यांच्यामुळे हा बाजार उभा राहिला, म्हणून तो नदीच्या अगदी जवळ, सखल भागात आहे. चिपळूणचा पूर समजून घ्यायचा तर आधी हे लक्षात घ्यावे लागते. लोक नदीत जाऊन बसले, असे घाटावरून बोलणे सोपे आहे.

गोवळकोट, पेठमाप, मुरादपूर, उक्ताड, पलीकडे मिरजोळी आणि कालुस्ते. आपल्या कोकणी मुस्लिम वाचकांपैकी निम्म्यांचे तरी इकडे कुठे ना कुठे नाते असेल. घरटी एक माणूस आखातात, आई-वडील गावात आणि बाजारात एखादे कपड्याचे, भांड्यांचे किंवा चपलांचे दुकान, हा इथला जुना नमुना. बाजारपेठेत कोणाचे दुकान कोणाच्या शेजारी आहे हे पाहिले तर जात-धर्माचा हिशेब लागत नाही. भिंतीला भिंत लागून असलेली दुकाने आहेत आणि पाणी आले तेव्हा ते सगळ्या भिंतींतून आले.

21 जुलै 2021, बुधवार. त्या दिवशी ईद-उल-अजहा होती. कोरोनाचे दिवस होते. नमाज घरीच अदा करावी, कुर्बानी प्रतीकात्मक करावी असे सरकारचे आवाहन होते, त्यामुळे ईद शांतच गेली. दिवसभर पाऊस कोसळत होता. तरीही छत्र्या घेऊन मुले नातेवाइकांकडे आणि शेजाऱ्यांकडे वाटे पोहोचवत होती. रात्री शीरखुर्म्याची भांडी धुऊन लोक झोपले. पहाटेच्या आधीच नदीचे पाणी रस्त्यावर आले आणि उजाडेपर्यंत तळमजले बुडाले.

चिपळूणकरांना पूर नवा नाही. 26 जुलै 2005 चा पूर बहुतेकांनी पाहिलेला होता. कित्येक दुकानांच्या भिंतीवर त्या पाण्याची खूण जपून ठेवलेली होती. 21 तारखेच्या रात्री ज्यांना जाग आली त्यांनी माल उचलून त्या खुणेच्या वरच्या फळ्यांवर ठेवला आणि सुटकेचा श्वास सोडला. पाणी त्या खुणेच्याही वर गेले. ज्याने अनुभवातून शहाणपण घेतले होते त्याचाही माल गेला आणि ज्याने घेतले नव्हते त्याचाही गेला.

पाणी इतके कुठून आले? सह्याद्रीच्या माथ्यावर त्या दोन दिवसांत प्रचंड पाऊस झाला. चांद अकरावा-बारावा, पौर्णिमा जवळ आलेली, म्हणजे खाडीला उधाणाची भरती. वरून येणारे पाणी समुद्रात जायला वाटच मिळेना. वाशिष्ठी आणि शिवनदी वर्षानुवर्षांच्या गाळाने उथळ झालेल्या. त्यातच कोयनेच्या वीजनिर्मितीनंतरचे पाणी कोळकेवाडीमार्गे वाशिष्ठीतच सोडले जाते. यातल्या कोणत्या कारणाचा वाटा किती, यावर चिपळूणच्या चहाच्या टपरीवर आजही वाद रंगतो आणि वाद घालणाऱ्या प्रत्येकाने ते पाणी स्वतःच्या गळ्याशी पाहिलेले असते. आपण ऐकून घ्यावे.

पहिल्या दिवशी मदत कोणी केली? ज्याच्या घराला वरचा मजला होता त्याने. एनडीआरएफच्या तुकड्या लांबून, बंद पडलेल्या रस्त्यांवरून येत होत्या. त्या पोहोचेपर्यंत गावातलीच मुले होड्या, टायरच्या ट्यूब, प्लॅस्टिकची पिंपे, दोरखंड, जे हाती लागेल ते घेऊन पाण्यात उतरली होती. एकेका गच्चीवर पाच-सहा कुटुंबे. पूजा करणाऱ्या आजी आणि तस्बीह फिरवणाऱ्या दादी एकाच ताडपत्रीखाली. कुर्बानीचे मटण ज्यांच्याकडे वरच्या मजल्यावर वाचले होते त्यांनी ते गच्चीवर शिजवले, जे खात नव्हते त्यांच्यासाठी डाळभात वेगळा लावला. आगाराची रोकड सांभाळत एसटीच्या टपावर तासन्‌तास बसून राहिलेल्या आगारप्रमुखांची गोष्ट वर्तमानपत्रांत आली. गच्चीवरच्या या चुलींची गोष्ट फारशी कोठे आली नाही, म्हणून आम्ही ती येथे लिहून ठेवत आहोत.

रविवारी, 25 जुलैला, आम्ही निघालो. आम्ही म्हणजे सहा जण: चार शिक्षक-शिक्षिका, एक वायरमन आणि मोहल्ल्यातला एक टेम्पोवाला. शाळा तेव्हा ऑनलाइन होत्या, रविवारी तर सुट्टीच. निघण्याआधी चिपळूणच्या एका ओळखीच्या शिक्षकांना फोन लावायचा आदल्या दिवसभर प्रयत्न चालला होता. रात्री कधीतरी लागला. काय आणू विचारल्यावर ते म्हणाले, "कपडे आणू नका. बिस्किटे पुरेशी आली आहेत. खराटे आणा, फावडी आणा, घमेली आणा, फिनेल आणा. आणि जमले तर माणसे आणा." फोन तेवढ्यात तुटला. त्या रात्री रत्नागिरीत दोन हार्डवेअरवाल्यांना दुकान उघडायला लावून आम्ही खराटे, फावडी, रबरी हातमोजे, गमबूट, ब्लीचिंग पावडर, टॉर्चचे सेल आणि मेणबत्त्या घेतल्या. एका दुकानदाराने खराट्यांचे पैसे घेतले नाहीत, फक्त म्हणाला, "दांडे पक्के बसवून न्या, तिथे ठोकायला वेळ नसेल."

दक्षिणेकडून जाणाऱ्यांना वाशिष्ठी ओलांडावी लागत नाही, हे आमचे नशीब. बहादूरशेख नाक्याजवळच्या जुन्या पुलाचा भाग पुरात वाहून गेला होता आणि मुंबईकडून येणारी मदत त्या बाजूला अडकत होती. महामार्गाचे चौपदरीकरण किती वर्षांचे आहे ते सांगायला नको. खड्ड्यांतून नव्वद किलोमीटरला साडेतीन तास लागले.

चिपळूणचा वास आधी आला, गाव नंतर दिसले. सडलेले धान्य, डिझेल, गटार, औषधे, मेलेली जनावरे, सगळे एकत्र कालवले तर जो वास येईल तो. चिंचनाक्यापासून बाजारात शिरलो तर रस्ता असा दिसतच नव्हता. दोन्ही बाजूंना फुगलेल्या तांदळाच्या गोण्या, फ्रिज, लाकडी कपाटे, भिजलेल्या कापडाचे ठाण, एकावर एक चढलेल्या मोटारसायकली. आणि सर्वत्र तो चिखल. तांबूस, चिकट, साबणासारखा निसरडा. घोट्यापर्यंत, कुठे गुडघ्यापर्यंत.

या चिखलाचा एक गुण आम्हांला तिथल्याच एका भांड्यांच्या दुकानदाराने शिकवला. तो ओला असेपर्यंत पाणी मारून ढकलता येतो. ऊन पडून तो सुकला की सिमेंटसारखा धरतो, मग पहार लागते. म्हणजे पहिले चार-पाच दिवस सोन्याचे. त्या दिवसांत दहा माणसे जे करतील ते पुढे महिनाभरात होत नाही. दुकान साफ करायला वरून खाली यायचे: आधी फळ्या, मग भिंती, मग जमीन. जमिनीवर पाणी ओतून चिखल पातळ करायचा, खराट्याने दरवाज्याकडे लोटायचा आणि घमेल्याने बाहेर. गटारात टाकायचा नाही. गटार तुंबले की सगळे परत आत येते. हे कोणत्याही पुस्तकात आम्ही वाचलेले नाही, पण संध्याकाळपर्यंत आमच्या गणिताच्या सरांना ते इतके पाठ झाले की नव्याने आलेल्या कॉलेजच्या मुलांना तेच शिकवू लागले.

माल फेकण्याआधी फोटो, हा दुसरा धडा. ज्यांचा विमा होता त्यांना सर्वेअर येईपर्यंत सडका माल तसाच ठेवावासा वाटत होता, ज्यांचा नव्हता त्यांना तलाठ्याच्या पंचनाम्याची वाट होती. आणि माल ठेवला तर रोगराई. शेवटी रस्ता असा निघाला की आमच्यातली एक शिक्षिका वही घेऊन दुकानोदुकानी बसली. दुकानदार वस्तू दाखवत जाई, ती नोंद करी, शेजारचा मुलगा मोबाइलवर फोटो काढी, फोटोत दुकानाची पाटी येईल असे पाही. मग दुकानदाराची आणि शेजारच्या दोघांची सही. त्या यादीला सरकारी मोल किती, हे नंतरचे. पण ज्याचे तीस वर्षांचे दुकान रस्त्यावर पडले होते तो माणूस ती यादी सांगता सांगता सावरत होता. आपले काय होते हे कोणीतरी बसून ऐकते आहे, यानेच त्याचा हात पुन्हा चालू लागला.

आमच्या वायरमनचे काम सर्वांत मोलाचे ठरले. वीज परत आली की लोक सवयीने बटण दाबतात. भिजलेल्या घरात ते जिवावर बेतू शकते. त्याने घरोघरी जाऊन मेन स्विच बंद करवले, बोर्ड उघडून वाळत टाकले आणि जिथे वायरिंग ठीक होते तिथेच लाइन द्यायला सांगितले. मोटारसायकलवाल्यांना तो एकच सांगे: किक मारू नका. आधी ऑइल काढा, प्लग काढा, एअर फिल्टर वाळवा. पुढच्या आठवड्यात घाटावरच्या गावांतून मेकॅनिक, गॅसशेगड्या दुरुस्त करणारे, फ्रिजवाले असे कितीतरी कारागीर आपापली हत्यारे घेऊन आले, रस्त्याच्या कडेला बसले आणि फुकट काम करून गेले. पैसे नसलेला माणूस काय मदत करणार, असे विचारणाऱ्यांनी ही माणसे पाहायला हवी होती. आयटीआयमध्ये शिकणारी मुले पाना-पकड घेऊन आलेली आम्ही स्वतः पाहिली.

आता कपड्यांविषयी. महामार्गाच्या कडेला एका पत्र्याच्या शेडखाली कपड्यांचा ढीग पडला होता, डोक्याइतका उंच. फाटक्या साड्या, लग्नातले जरीचे घागरे, एका पायाचे बूट, बटण तुटलेले कोट. वरून पाऊस. दोन दिवसांनी ते कपडेही पुराच्या कचऱ्यात गेले आणि तो कचरा उचलायला पुन्हा माणसे लागली. कपडे देणाऱ्यांची नियत खोटी नव्हती. पण कपाट रिकामे करणे आणि मदत करणे यांत फरक आहे, आणि तो फरक त्या ढिगाकडे पाहून अंगावर येतो. लोकांना हवे होते ते नवे अंतर्वस्त्र, टॉवेल, चादर, चटई, पातेले, झारा, स्टोव्ह, बादली. मागायला संकोच वाटावा अशाच वस्तू त्यांत जास्त. आमच्या दोन शिक्षिका स्वयंपाकघरापर्यंत आत गेल्या म्हणून कळले की एका गल्लीत चार दिवसांत कोणाकडे सॅनिटरी पॅड नव्हते आणि एकही मदतवाला पुरुष ते विचारू शकला नव्हता. एका खालांची बीपीची गोळी पाण्यात गेली होती. गोळीचे नाव माहीत नव्हते, रंग माहीत होता. आपल्या घरच्या महिला मदतीला बाहेर पडाव्यात की नाही यावर जे अजून चर्चा करतात, त्यांनी त्या गल्लीतल्या बायकांना विचारावे.

दुपारी जोहरच्या वेळी मशिदीच्या वरच्या मजल्यावर गेलो. खालचा मजला चिखलात, वर लंगरसारखी पंगत चाललेली. कोल्हापूर-सांगलीकडून आलेली भाकरी आणि पिठले. 2019 मध्ये ते पुरात होते तेव्हा कोकणातून माणसे गेली होती, ती आठवण ठेवून ते आले होते. वाढणारे आणि खाणारे यांत कोण कुठल्या धर्माचा हे चिखलाने माखलेल्या कपड्यांवरून कळायला मार्ग नव्हता.

तिथेच कोपऱ्यात एक गृहस्थ भिंतीला टेकून बसले होते. साठीचे असतील. बाजारात त्यांचे कापडाचे दुकान. जेवायला उठेनात. आमच्यातल्या एकाने ताट नेऊन दिले तर म्हणाले, "परवा ईदला अकरा घरी वाटा पाठवला. आज ताट घेऊन रांगेत उभा राहू? मुलांना काय वाटेल?" यावर काय बोलणार? आमचे टेम्पोवाले भाई त्यांच्या शेजारी मांडी घालून बसले आणि स्वतःही त्याच ताटात जेवू लागले. एक शब्द न बोलता. मग ते जेवले.

पुढचे कित्येक महिने आम्ही जी मदत केली तिला वळण या प्रसंगाने दिले. पुरानंतर खरा गरीब कोण, हे पावसाच्या आधीच्या यादीवरून कळत नाही. झोपडीत राहणाऱ्याची गरज दिसते, तिथे किट पोहोचते. पण उधारीवर माल आणलेला छोटा दुकानदार, ज्याच्यावर घाऊक व्यापाऱ्याचे देणे आहे, बँकेचा हप्ता आहे आणि माल गटारात गेला आहे, तो कोणत्याच रांगेत उभा राहत नाही. कुरआनमध्ये सूरह तौबात जकातीचे जे आठ हकदार सांगितले आहेत त्यांत कर्जात बुडालेला माणूस आहे, हे आपण सगळे लहानपणी शिकतो आणि जकात वाटताना विसरतो. सरकारने 3 ऑगस्टला 11,500 कोटींचे पॅकेज जाहीर केले. घरटी 10 हजार, टपरीवाल्याला 10 हजार, दुकानदाराला जास्तीत जास्त 50 हजार असे त्यात होते. ज्याचा लाखोंचा माल गेला त्याला 50 हजारांत दुकानाच्या फळ्याही पुरे पडत नाहीत. आमच्या मोहल्ल्यात आणि शाळेच्या स्टाफमध्ये मिळून काही रक्कम जमली. ती किटवर खर्च करायची की कर्जे-हसना द्यायची, यावर बराच खल झाला. जकातीची रक्कम आलिमांना विचारून वेगळी ठेवली, ती हकदारांना दिली. सदका आणि लिल्लाहच्या पैशांतून बिनव्याजी रकमा दिल्या, सर्वांना, धर्म न विचारता. जमेल तेव्हा परत करा, नाही जमले तर तगादा नाही. कागद एकच, त्यावर नाव आणि रक्कम. घेणाऱ्याचा फोटो नाही. फोटोशिवाय देणगीदारांना हिशेब कसा देणार, असा प्रश्न आला. दुकानाच्या बिलांचा फोटो द्या, माणसाचा कशाला, असे आमच्या मुख्याध्यापकांनी सुनावले आणि विषय संपला.

शिक्षक म्हणून आमच्या वाट्याला जे काम आपोआप आले ते कागदांचे. भिजलेले रेशनकार्ड, आधार, घराचे उतारे, बँकेची पासबुके, शाळा सोडल्याचे दाखले, मार्कशीट. भिजलेला कागद ओढून वेगळा केला की फाटतो. जाड गठ्ठा असेल तर तसाच सावलीत, पंख्याच्या वाऱ्याखाली, मध्ये कोरे कागद किंवा टिश्यू घालून वाळवायचा. उन्हात टाकला तर आकसतो आणि शाई पसरते. एका घरात आम्ही दोरीवर चिमट्यांनी कागद अडकवले, धुतलेल्या कपड्यांसारखे. पुढच्या रविवारी शाळेच्या एका वर्गात टेबल टाकून बसलो आणि कोणता कागद गेला, तो कोणत्या कार्यालयातून दुबार मिळेल, अर्जासोबत काय लागेल हे लिहून देऊ लागलो. मराठी अर्ज, उर्दूत समजावणे, पुन्हा मराठीत सही. दहावीचा निकाल 16 जुलैला लागला होता, म्हणजे पुराच्या आधी सहाच दिवस. अकरावीला प्रवेश घेऊ पाहणाऱ्या मुलांकडे कागद नव्हते आणि कोणाला विचारावे हेही कळत नव्हते. उर्दू माध्यमाची बालभारतीची पुस्तके तर बाजारात लगेच मिळतच नाहीत. रत्नागिरी, राजापूर, खेडकडच्या उर्दू शाळांत फोन करून मागच्या वर्षीच्या मुलांची पुस्तके गोळा केली. ही वापरलेली वस्तू मात्र खरोखर कामाची होती.

आरोग्याचे थोडक्यात सांगतो. पुराच्या चिखलात उंदरांचे मूत्र असते, पायाला जखम असेल तर लेप्टोचा धोका. गमबूट नसतील तर निदान जखम झाकावी, काम संपल्यावर साबणाने पाय धुवावेत, आणि आरोग्य विभागाचे लोक गोळ्या देतात त्या त्यांच्या सांगण्याप्रमाणे घ्याव्यात. ताप आला तर डॉक्टरला आधी सांगावे की चिखलात काम केले आहे. कोरोनाच्या काळात प्रत्येक तापाला कोरोनाच समजले जात होते, म्हणून हे सांगणे जास्त गरजेचे होते.

एक गोष्ट मनाला लागली ती रस्त्याची. महामार्गाला लागून असलेल्या वस्तीत एका दिवसात पाच-पाच गाड्या थांबत. आत, नदीच्या वरच्या अंगाला, जिथे रस्ता खचला होता, तिथे आठवडाभर कोणी गेले नव्हते. याच तालुक्यातले तिवरे धरण 2 जुलै 2019 च्या रात्री फुटले होते. तिकडच्या लोकांना हे जुनेच. त्याच 22 जुलैला महाडही सावित्रीच्या पाण्यात होते आणि महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली होती. टीव्हीवर एक गाव दिसते तेव्हा शेजारची दहा दिसत नाहीत. गाडी भरून निघणाऱ्याने शेवटच्या माणसाकडे आधी जावे, वाटेत हात करणाऱ्याकडे नंतर. हे बोलायला सोपे आहे, हात करणाऱ्या आईला ओलांडून पुढे जाणे सोपे नाही. म्हणून आम्ही दुसऱ्या खेपेपासून अर्धा माल महामार्गाच्या कडेसाठी आणि अर्धा आतल्या गावासाठी असा मुळातच वेगळा बांधला.

महिन्याभराने गेलो तेव्हा गाड्या थांबल्या होत्या. ढोल-ताशे नव्हते, पण गणपतीची तयारी कशीबशी चालू होती. दुकानांना नवे रंग आणि त्याखाली ओल. आता अडचण उलटी होती. उंच भागातल्या ज्या किराणा दुकानांचे काही बिघडले नव्हते त्यांचा धंदा फुकटच्या तांदूळ-डाळीने बसला होता. आम्ही ठरवले की यापुढे रत्नागिरीहून माल आणायचा नाही, पैसे आणायचे आणि खरेदी चिपळुणातच करायची. शिवणयंत्रे हा मोठा विषय होता. पेठमाप-गोवळकोटकडे कितीतरी घरांत बायका शिवणावर घर चालवतात. यंत्रे चिखलात गेलेली. रॉकेलने धुऊन, शटल काढून घासून, तेल देऊन जी चालू होतील ती केली, ज्यांच्या मोटारी जळल्या त्यांचे रिवाइंडिंग गावातल्याच कारागिराकडून करून घेतले. पुन्हा यंत्र चालू झाल्यावर त्या बायकांना पहिले काम द्यायचे म्हणून आमच्या शाळेचे गणवेश तिकडे शिवायला पाठवले. शिलाई थोडी महाग पडली. चालते.

गावच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराचे नाव अनेकांनी ऐकले असेल. 1864 सालापासूनचे हे वाचनालय 2005 च्या पुरात भिजले आणि 2021 मध्ये पुन्हा. भाकरी महत्त्वाची की पुस्तके, असा वाद तेव्हा काहींनी घातला. आम्ही शिक्षक, आमचे मत कोणत्या बाजूला असणार हे सांगायला नको. ज्यांच्याकडे चांगली मराठी पुस्तके पडून होती त्यांनी ती तिकडे पाठवली, आधी फोन करून, कोणती हवीत ते विचारून.

चिपळूणकरांनी स्वतःसाठी केले ते आम्हांला सर्वांत मोठे वाटते. पुढच्या पावसाळ्याची भीती सगळ्यांना होती. डिसेंबर 2021 मध्ये चिपळूण बचाव समितीने नद्यांतला गाळ काढा, या एका मागणीसाठी साखळी उपोषण सुरू केले. व्यापारी, डॉक्टर, वकील, मच्छीवाल्या, सगळे पाळीपाळीने बसले. जवळजवळ महिनाभर चालले. आमची मंडळीही एका रविवारी जाऊन मांडवात बसून आली. त्यानंतर 2022 च्या सुरुवातीपासून वाशिष्ठी आणि शिवनदीतला गाळ काढण्याचे काम सुरू झाले, शिवनदीसाठी नाम फाउंडेशनही उतरले. पात्रात यंत्रे खडखडताना पाहायला लोक पुलावर उभे राहत. मदतीच्या किटसाठी पैसे देणारे पुष्कळ असतात. गाळ काढा म्हणून अर्ज लिहिणारे, जिल्हाधिकारी कार्यालयात खेपा घालणारे, माहिती मागवणारे थोडे असतात, आणि खरे तर शिकलेल्या माणसाने करायची मदत हीच आहे.

मागच्या मेमध्ये पुन्हा जाणे झाले. बाजार भरलेला, करवंदे-जांभळे आलेली. दुकानात आत शिरल्यावर नजर आपोआप वर जाते: मीटर छताजवळ, स्विचबोर्ड हात वर केल्याशिवाय लागत नाहीत, मौल्यवान माल पोटमाळ्यावर. भिंतीवर आता दोन खुणा आहेत, 2005 ची आणि तिच्या बरीच वर 2021 ची. कापडवाले चाचा गल्ल्यावर होते. त्यांनी कर्जे-हसनाचे पैसे दीड वर्षात परत केले, ते पुढे महाडच्या एका चहावाल्याला गेले. मुलांच्या ईदचे कापड त्यांनी मापून दिले आणि चहा मागवला. पाऊस लागायच्या आत पोटमाळ्याची शिडी बदलायची आहे म्हणाले, जुनीचा एक पाय डुगडुगतो आणि रात्री अंधारात त्यांना ती चढायची भीती वाटते. आमच्यातल्या एकाच्या ओळखीचा सुतार कामथ्याला होता. तिथूनच फोन लावला.